खुर्चीच्या मागून

माझ्या दुकानात आलेला माणूस काउंटरवर कोपर टेकवतो आणि घरचं सगळं बोलून मोकळा होतो. कुणाची वाटणी अडलेली, कुणाच्या पोराचं लग्न जमत नाही, कुणाचा भाऊ तोंड दाखवत नाही. मी ऐकून घेतो, आणि ऐकता ऐकता हा भावात कुठपर्यंत ताणेल याचा अंदाज बांधतो. धंदा आहे तो माझा. पण माझ्या स्वतःच्या पोटात जे आहे, ते मी आजवर एकाही माणसापुढं काढलेलं नाही. बायकोपुढं नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही तेवढं सोडून बाकीचं बोलतो. आणि माझी थोरली बहीण, आक्का — तिच्याकडं तर मी हल्ली फार वेळ बघतही नाही.

आज बोलतो. थांबत थांबत बोलेन, तेवढं चालवून घ्या. भाव करायला बसलो की मी अडखळत नाही. पण हा भाव नाही.

आधी मी कोण ते कळू द्या. भोकरकडच्या एका खेड्यातून दहावी होऊन नांदेडला आलो. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात केली. मग डिशच्या छत्र्या बसवल्या, मग कॉम्प्युटर जोडायला लागलो. कुणी शिकवलं नाही. बिघडलेले उघडून उघडून शिकलो. आता माझं स्वतःचं दुकान आहे. माल हैदराबादहून आणतो, तिथं तेलुगूत भाव पाडतो, आणि शेवटी हात व्यापारी जोडतो, मी नाही. राग मात्र वाईट. एकदा एक गिऱ्हाईक "दोन नंबरचा माल लावला" म्हणालं, तर त्याचा की-बोर्ड मी रस्त्यावर भिरकावला होता. ते गिऱ्हाईक परत आलं. माझ्यासारखं काम करणारा दुसरा त्याला सापडला नव्हता. ही घमेंड नाही — की आहे? असेल.

मग सिम्युलेटरचं काम आलं. एका डॉक्टरांना विमानाची हौस होती. घरात खुर्ची, हातात दांडी, पायात पॅडल, आणि समोर तीन मॉनिटर. एक नाकासमोर, दोन बाजूंना, आत वळवलेले. खोलीत बसून विमान चालवल्याचा सराव. लोकांना वाटतं, तीन मॉनिटर शेजारी ठेवले की झालं. तसं ठेवलं आणि तिन्हींवर मिळून एकच लांब चित्र पसरलं, तर कडेचं जग रबरासारखं ताणलं जातं. डोंगर फुगतो, धावपट्टी वाकते. प्रत्येक मॉनिटरला त्याची वेगळी खिडकी द्यावी लागते. लाकडी टेबलावर मॉनिटर खरोखर जितका वळवलाय, तितकंच आतलं दृश्य वळवायचं. बसणाऱ्याच्या डोळ्यापासून काचेपर्यंत टेप लावायचा. दोन मॉनिटरांच्या मधली काळी पट्टीसुद्धा हिशोबात धरायची. खिडकीच्या चौकटीमागं जग लपतं, पुढं सरकत नाही. एवढं जमलं की क्षितिज तिन्ही काचांवरून एका सुतात जातं आणि बसणाऱ्याला आपण खोलीत आहोत हे आठवत नाही.

पण एक गंमत आहे, आणि माझं पाप तिथंच आहे, म्हणून नीट सांगतो. बरोबर लावलेलं चित्र उभ्या माणसाला आवडत नाही. खुर्चीच्या मागं उभं राहून बघितलं तर थोडकंच दिसतं, वाकडं दिसतं. "एवढंच?" असं तो म्हणतो. म्हणून आमच्या धंद्यात एक रीत पडलीय — मागच्यासाठी लावायचं. बाजूचे मॉनिटर दारासारखे बाहेर उघडायचे, आतलं दृश्य रुंद करायचं, म्हणजे अख्खा मुलूख काचेत मावतो. उभा माणूस खूश. पैसे तोच देणार असतो. खुर्चीत बसणाऱ्याला मात्र सगळं बारीक आणि लांब दिसतं. जी वस्तू त्याच्या खांद्याशी आलेली असते, ती त्याला अजून पुढंच आहे असं वाटत राहतं.

मी तसं कधी करत नव्हतो. एकदाच केलं.

आक्काची मुलगी ऋतुजा. लातूरची. बारावी झाली तेव्हा चार दिवस आमच्याकडं आली होती, आणि त्या वेळी डॉक्टरांची खुर्ची दुकानातच जोडून ठेवलेली होती. मला बसणारं कुणीतरी हवंच होतं, टेप लावायला. म्हटलं, "ऋतू, बस. डोकं हलवायचं न्हाई." तिच्या डोळ्याशी टेप धरला तर ही हसायला लागली. "मामा, ब्लाउजचं माप घेऊन राहिलात का विमानाचं?" तिची उंची, तिची नजर, तिचं बसणं, या मापानं मी ते तिन्ही मॉनिटर लावले. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम ते.

मग तिला उडवू दिलं. धावपट्टीला वळसा घालून उतरायचं असतं. त्यात शेवटचं वळण अवघड. धावपट्टी डाव्या अंगाला असते, आणि बरोबर क्षणी वळलं तरच ती नाकासमोर सरळ येते. लवकर वळलात तर अलीकडं राहता, उशिरा वळलात तर ओलांडून जाता. डॉक्टर आठवडाभर ओलांडून जात होते. ऋतूनं मान वळवून डावीकडच्या काचेत बघितलं, स्वतःशीच "आता" म्हणाली, आणि वळली. धावपट्टी नाकासमोर येऊन पडली, आखून ठेवल्यासारखी. पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

"कसं कळलं गं तुला?"

"कसं म्हंजे? दिसतंय की, मामा."

मला त्या वेळी किती आनंद झाला ते आज सांगतो तर खोटं वाटेल. खरं होतं ते.

आता दाजी. आक्काचे यजमान. लातूरला कॉलेजात शिकवत होते, नंतर स्वतःचा क्लास काढला. माणूस हुशार, पोरं घडवणारा. आणि मला चारचौघांत ओळख करून देताना नेहमी एकच वाक्य: "हे आमचे मेव्हणे. टीव्ही-बीव्ही बघतात." बघतात! टीव्ही बघायला काय लागतं? मी दुकान टाकलं तेव्हाही हेच वाक्य, मी त्यांच्या क्लासचे सगळे कॉम्प्युटर बसवून दिले तेव्हाही हेच. हे सांगतानाही कानशिलं तापलीत माझी. तापू द्या. हे कारण म्हणून सांगत नाही, आत काय होतं तेवढं सांगतोय.

दाजींनी क्लासात पायलट व्हायची तयारी करून घ्यायचा नवा विभाग काढायचं ठरवलं. ऋतूनं घरात हट्ट धरला होता, त्यातूनच ते डोक्यात आलं. सिम्युलेटर बसवायला अर्थात मी. माल मी माझ्या खरेदीच्या भावात दिला, मजुरीवर बोललोच नाही. बहिणीचं घर. लातूरला जाऊन एका खोलीत खुर्ची ठोकली, मॉनिटर वळवले, टेप लावला, सगळं बरोबर केलं. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी दाजी चार प्राध्यापक मित्रांना घेऊन बघायला आले. खुर्चीत कुणी बसलं नाही. सगळे मागं उभे राहिले.

"बापूराव," दाजी म्हणाले, "तीन-तीन मॉनिटर लावले आन् दिसतंय काय? एक शेत आन् अर्धी विहीर."

मित्र हसले. मी म्हटलं, "दाजी, हे बसणाऱ्याच्या डोळ्याला लावलंय. बसून बघा."

"उद्याचे पाहुणे काय बसून विमान उडवणार हायेत का? मागं उभे राहतील. त्यांना दिसलं पायजे."

"रुंद केलं तर बसणाऱ्याचा अंदाज चुकतो, दाजी. वळण —"

"अहो, तीन टीव्ही तिरके ठेवायचे! त्याला एवढं काय ज्ञान लागून राहिलंय?"

पुन्हा हसले सगळे. एक जण तर चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

मी टेप गुंडाळून खिशात टाकला. मला ओळखणाऱ्यांना कळेल, मी बोलत नाही तेव्हा काय असतं. ते गेले. मी बाजूचे मॉनिटर उघडले. आतलं दृश्य रुंद केलं. दाजींनी सांगितलं होतं तेवढं करून थांबायला हवं होतं ना? थांबलो नाही. अजून रुंद केलं. मागं जाऊन उभा राहिलो. अख्खा मुलूख दिसत होता, नदी, रस्ते, गावं, आणि मधोमध नखाएवढी धावपट्टी. खुर्चीत बसून बघितलं — सगळं खोटं. उठलो आणि हात धुतले.

उद्‌घाटन थाटात झालं. पूजा झाली, भटजींनी खुर्चीला हळदकुंकू लावलं आणि तिन्ही मॉनिटरांच्या खालच्या पट्टीवर मधोमध कुंकवाचं एकेक बोट टेकवलं. पाहुणे मागं उभे राहून "वा वा" करत होते. दाजींनी भाषणात मंडपवाल्याचे आभार मानले, आचाऱ्याचे मानले, खुर्च्या देणाऱ्याचे मानले. माझं नाव आलं नाही. आक्का मला जिलबी वाढत म्हणाली, "बापू, मनाला लावून घेऊ नको रं, इसरले असतील." मी म्हटलं, छे. जिलबी खाल्ली.

परत येताना मी मनात एक अट घातली. दाजींनी स्वतः फोन करावा, "बापूराव, तेवढं मशीनचं बघा" म्हणावं. विचारावं मला, माणसासारखं. त्या दिवशी जाऊन मी सगळं बरोबर करून देईन. अट चांगली होती, असं मला वाटलं. फक्त ती मी कुणाला सांगितली नव्हती. आणि घासाघीस माझी आणि दाजींची असली तरी खुर्चीत दाजी बसणार नव्हते. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पहिला फोन ऋतूचा आला. दाजींचा नाही.

"मामा, हितं रनवे लई उशिरा येतो. मी वळते तवा तो पार मागं गेलेला असतो. तुमच्या दुकानात असं नव्हतं."

मी काय सांगावं? सांगायला एकच वाक्य होतं — मशीन मी चुकीचं लावलंय. मी म्हटलं, "मशीन नवीन हाय. सराव कर."

ती करत राहिली. रोज. क्लासातल्या बाकीच्या पोरांना काही अडचण नव्हती, कारण ती लातूरच्या क्लासात तयार झालेली पोरं — काय विचारतील आणि काय लिहायचं, एवढ्यावर त्यांचं चालतं. त्यांनी एक युक्ती काढली होती. डाव्या मॉनिटरवरच्या पूजेच्या कुंकवाच्या बरोबर वर धावपट्टीचं टोक आलं की वळायचं. बाहेर बघायचंच नाही, कुंकू बघायचं. दरवेळी जमायचं. ऋतूला सांगितलं त्यांनी. तिनं ऐकलं नाही. मला फोनवर चिडून म्हणाली, "खऱ्या विमानाला कुंकू कोण लावणार हाय, मामा? मी बाहेर बघूनच वळणार."

हसलो मी. म्हटलं, "बरोबर हाय तुझं." आणि फोन ठेवला. बघा — ती बरोबर आहे हे मी तिला सांगितलं, आणि मशीन चूक आहे हे नाही सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला अर्धं खरं विकायची सवय असते.

मग दाजींनी परीक्षा ठेवली. विमान कंपनीतून निवृत्त झालेले एक कॅप्टन बाहेरगावाहून बोलावले. ते पोरांना पारखणार, दोघांची निवड करणार, आणि त्या दोघांना बाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये पाठवायची सोय क्लास करणार. दाजींनी सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, "माझी मुलगी म्हणून सवलत नाही. कॅप्टनसाहेब हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर हा विषय आमच्या घरात पुन्हा निघणार नाही." दाजी शब्दाचे पक्के. म्हणजे ऋतूच्या हातात तो एक दिवस होता.

मशीन मधेच अडकलं तर जवळ माणूस असावा म्हणून मला बोलावलं. बोलावलं म्हणजे — आक्कानं फोन केला. दाजींनी नाही. अट अजून पुरी झालेली नव्हती, असं मी गाडी चालवताना स्वतःला सांगत होतो. आधी पोचून, कुणी यायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत सगळं बरोबर करता आलं असतं. मी आधीच पोचलो. खोलीत एकटा होतो. खुर्चीवर हात ठेवून उभा राहिलो. मग बाहेर जाऊन चहा प्यायलो.

कॅप्टनसाहेब चांगले गृहस्थ होते. गुडघे गेलेले, त्या अरुंद खुर्चीत शिरणं त्यांना जमणारं नव्हतं. ते मागं उभे राहिले, हातात कपबशी घेऊन. मागून सगळं छान दिसत होतं. ते छान दिसावं असंच तर लावलं होतं मी.

दोन पोरं आली, कुंकवावर नजर ठेवून वळली, धावपट्टी नाकासमोर. कॅप्टन "गुड" म्हणाले. मग ऋतू बसली. वेणी मागं टाकली, मान वळवून बाहेर बघितलं. दुकानात बघितलं होतं तसंच. मी भिंतीला टेकून उभा होतो. तिचे ओठ हलले — "आता" — आणि ती वळली. ओलांडून गेली. पार पलीकडं. दुसऱ्यांदा ओलांडून गेली. तिसऱ्यांदा घाबरून लवकर वळली आणि अलीकडंच शेतात उतरली. मागं कुणीतरी खुसकन हसलं.

कॅप्टनांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तुझा अभ्यास या सगळ्यांपेक्षा चांगला आहे. पण अंतराची नजर माणसाला असावी लागते. ती शिकवून येत नाही. तुला ती नाही. हे मी आज सांगणं बरं, आकाशात कळण्यापेक्षा."

ऋतू खुर्चीतून उठली नाही. समोरच बघत राहिली. आणि तेव्हा दाजी माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सगळ्यांदेखत म्हणाले, "बापूराव, तुमच्याशिवाय हे कुणाला कळत नाही. मशीन बरोबर आहे ना? एकदा बघता का?"

ऐकलंत? अट पुरी झाली होती. शब्दाला शब्द. जे ऐकायला मी झुरत होतो ते सगळं त्या वाक्यात होतं, जास्तच होतं. मला फक्त म्हणायचं होतं, "थांबा, पोरीला पुन्हा बसवा." टेप माझ्या खिशात होता.

मी म्हटलं, "मशीनमध्ये काय बी दोष न्हाई, दाजी. मशीन सगळ्यांना सारखंच दाखवतं."

का म्हटलं? इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं देत आलोय. कॅप्टनसमोर माझं काम कच्चं ठरलं असतं, म्हणून. ते दुसऱ्या क्लासांत माझं नाव सुचवणार होते, म्हणून. मुद्दाम केलं हे आक्काला कळलं असतं, म्हणून. ही सगळी खरी आहेत, आणि यातलं एकही खरं नाही. या सगळ्यांच्या मागं जे आहे ते मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. मला बरं वाटलं. दाजींची पोरगी हरली, त्यांच्याच मित्रांसमोर, आणि दाजी माझ्याकडं हात पसरून उभे होते — मला बरं वाटलं. घोटभर गार पाणी पोटात उतरावं तसं. क्षणभरच. पण त्या क्षणी ती पोरगी माझी भाची नव्हती. तिला मी टेप लावला होता, ती हसली होती, त्यातलं काहीच नव्हतं. ती दाजींची होती, आणि ती हरली होती.

मग ती उठली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, तुमच्या दुकानात जमलं ते उगंच जमलं असंल का?"

मी मान हलवली. हो म्हणून.

निवड त्या दोन पोरांची झाली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढं ती खऱ्या विमानात बाहेर बघायला शिकली असतील.

आठ-दहा दिवसांनी मी धूळ साफ करायचं निमित्त काढून लातूरला गेलो आणि सगळं बरोबर लावलं. मॉनिटर आत वळवले, दृश्य आवळलं, टेप लावला. डाव्या पट्टीवरचं वाळलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. आता ते पोरांना फसवणार होतं. पाठीमागून आक्का चहा घेऊन आली. "आरं, पूजेचं कुंकू कशाला पुसलास?" मी म्हटलं, धूळ बसली होती. ती कप हातात धरून थोडा वेळ त्या पट्टीकडं बघत राहिली. मग कुठून तरी कुंकवाची डबी आणली आणि पुन्हा बोट टेकवलं, तिच्या मनाला येईल तिथं.  त्या खुर्चीत ऋतू पुन्हा बसली नाही. मी म्हटलं नाही, बस. कसं म्हणणार? बसली असती तर जमलं असतं.

जमलं असतं — हे मला एकट्याला माहीत आहे. चूक नुसती मशीनची होती असं नाही. तिची नजर बरोबर होती म्हणूनच ती त्या मशीनवर हरली. खोट्या काचेतून ती खरं बघत होती. दुसरी पोरं बघतच नव्हती, म्हणून पास झाली. आणि बघणारीला मी, तिच्या मामानं, सांगितलं की तुला दिसत नाही.

तिनं ते मानलं. हेच मला सहन होत नाही. भांडली असती, मशीनवर खापर फोडलं असतं, मला शिव्या घातल्या असत्या तर मी पेटून उठून बोललो असतो, भांडणात मी खरं बोलून जातो. पण ती शहाणी पोरगी. पदवी घेतली, परीक्षा दिल्या, आता धर्माबादला एका पतसंस्थेत आहे. दाजींनी तिला घेतलेली स्कूटी तिचा भाऊच चालवतो. रस्ता ओलांडताना ती थांबते — समोरचा ट्रक लांब असतो, चार माणसं तिच्या बाजूनं निघून जातात, ही तिथंच. मी एकदा म्हटलं, "ऋतू, चल की, लांब हाय तो." तर हसून म्हणाली, "मला अंतर कळत न्हाई ना, मामा. माझी नजरच कच्ची. कॅप्टन बोललेच होते." लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनाही तिनं आपणहून सांगितलं म्हणे, मला गाडी चालवता येणार नाही, नजरेचा दोष आहे. डोळ्यांच्या डॉक्टरला कुठला दोष सापडला नाही. तरी सांगते.

दाजी मला आता चांगलं वागवतात. त्या दिवसानंतर "टीव्ही-बीव्ही" गेलं. "आमचे बापूराव या विषयातले तज्ज्ञ" म्हणतात, आणि माझ्या पाठीवर हात ठेवतात. मी ते ऐकून घेतो. अजूनही कधीकधी मला त्यांचा राग येतो, तोच जुना, तेवढाच. याची मला लाज वाटते असं म्हणायला गेलो होतो. पण खरं सांगायचं तर राग आधी येतो, लाज मागून.

परवा ऋतू दुकानात आली. धर्माबादहून लातूरला जाताना मधे उतरली होती, आक्कासाठी माझ्या बायकोनं केलेलं लोणचं न्यायला. कोपऱ्यात एक सिम्युलेटर जोडून ठेवलेलं होतं, चालू. मॉनिटर नीट वळवलेले, सगळं बसणाऱ्याच्या डोळ्याला. खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक नव्हतं. टेबलावर टेप पडलेला होता.

म्हटलं, "बस ना. बघ जरा."

"छे, मामा. ते माझं काम न्हाई." लोणच्याची पिशवी तिनं खाली ठेवली, खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवून. वाकून, मग मान तिरकी करून बघत राहिली. मागून नीट दिसत नव्हतं तिला. दिसणार कसं? तिथं उभं राहणाऱ्यासाठी ते नव्हतंच.

मी तिच्या शेजारी होतो. हाताच्या अंतरावर खुर्ची होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं, तेच, इतकी वर्षं जपून ठेवलेलं.

मी पुढं वाकलो, बाजूचे दोन्ही मॉनिटर हातानं उघडले आणि आतलं दृश्य रुंद केलं.

"हां," ऋतू मागून म्हणाली, "आता अख्खं दिसतंय, मामा."